डोळ्याचे लवणे आणि तंतूची साक्ष



दिवसभर वऱ्हाडचे ऊन सोसून संध्याकाळी मंडळी व्याख्यानास येऊन बसतात, हे पाहिले म्हणजे बोलणाऱ्यास आनंद होतो आणि थोडी भीतीही वाटते. आनंद होतो तो ऐकणाऱ्यांच्या उत्साहाचा. भीती अशासाठी की, आमचा आजचा विषय ऐकून कोणी म्हणेल, "एवढ्याशा गोष्टीसाठी एक संध्याकाळ?" कारण विषय आहे डोळा लवण्याचा. आम्ही शस्त्रवैद्य नव्हे. शरीरशास्त्र शिकविणे हा आमचा व्यवसाय. त्यामुळे येथे आम्ही कोणावर उपचार करावयास आलो नसून, एका लहानशा दिसणाऱ्या व्याधीची आणि तिच्यावरील मोठ्या नाजूक शस्त्रक्रियेची हकीकत सांगावयास आलो आहोत.

डोळा लवणे हा आपल्याकडे शकुनाचा विषय आहे. पुरुषाचा उजवा आणि स्त्रीचा डावा डोळा लवला तर शुभ, असे आपण लहानपणापासून ऐकतो. वाल्मीकीच्या सुंदरकांडात अशोकवनातल्या सीतेचा डावा डोळा लवतो आणि तिला सुटकेची आशा वाटू लागते. शकुनाशी भांडण्याचे आम्हांस कारण नाही. आपणांपैकी बहुतेकांचा डोळा कधी ना कधी लवलेला असतो. जागरण झाले, चहा अधिक झाला, काळजी लागली, की पापणी फडफडू लागते आणि चार दिवसांनी आपोआप थांबते. प्रश्न आहे तो ज्याचा डोळा थांबतच नाही त्याचा.

अशी एक बाई आपण डोळ्यांपुढे आणू. ती कोणी विशिष्ट व्यक्ती नव्हे; पण अशी माणसे प्रत्येक तालुक्यात सापडतील. वय पन्नाशीच्या आसपास, शाळेत शिकविणारी. प्रथम तिची डावी खालची पापणी लवू लागली. घरच्यांनी शकुन म्हणून हसून सोडून दिले. वर्षभराने गालही ओढला जाऊ लागला, मग ओठाचा कोपरा, आणि पुढे मानेची कातडीसुद्धा. दिवसातून कितीतरी वेळा अर्धा चेहरा आकसून डोळा मिटतो. बोलताना, दमल्यावर, चार माणसांत गेल्यावर तो अधिकच आकसतो. झोपेतही हे थांबत नाही. दुखत मात्र काहीच नाही. ताप नाही, हातपाय धडधाकट. म्हणून कोणी याला आजारही मानीत नाही. बाजारात भाजीवाली विचारते, "काहून हसून राह्यल्या जी काकू?" वर्गातली मुले एकमेकांना कोपराने ढोसतात. एखादा अनोळखी माणूस भलताच अर्थ काढतो. हळूहळू ही बाई फोटोला उभी राहत नाही, लग्नात मागच्या रांगेत बसते, पदर गालावर धरून बोलते, आणि एक दिवस शाळा सोडण्याचा विचार करू लागते. जिवावर बेतणारे दुखणे नव्हे हे. पण माणसांतून उठविणारे दुखणे आहे.

या व्याधीला आपण सोयीसाठी अर्ध्या चेहऱ्याचे आचके म्हणू. लकव्याशी तिची गल्लत करू नये. लकव्यात चेहरा लुळा पडतो, येथे तो आकसतो. (चेहरा एकाएकी वाकडा होऊन लुळा पडला, तर मात्र वेळ न घालविता दवाखाना गाठावा, तो प्रकार वेगळा आणि तातडीचा.) दोन्ही डोळे एकदम घट्ट मिटण्याची आणखी एक व्याधी आहे, तीही निराळी. अर्ध्या चेहऱ्याच्या आचक्यांची एक खूण बाबिन्स्की नावाच्या फ्रेंच वैद्याने १९०५ साली नोंदली. आचका आला की डोळा मिटतो, आणि त्याच क्षणी त्याच बाजूची भुवई वर चढते. आता घरी गेल्यावर आरशासमोर करून पाहा: एक डोळा मिटून तीच भुवई उचलणे कोणालाही मुद्दाम साधत नाही. तेव्हा त्या बाईवर ढोंगाचा किंवा डोळा मारण्याचा जो आरोप होतो, तो तिच्या भुवईनेच खोटा ठरविला आहे. ही खूण आज येथून निघताना आपण लक्षात ठेवली, तरी आमचे बोलणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.

आता याचे कारण पाहू. चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूचे स्नायू हलविणारा एक मज्जातंतू मेंदूच्या देठातून निघतो. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी ही सातवी. कानामागच्या हाडातल्या बोगद्यातून तो बाहेर येतो आणि गालात शिरल्यावर त्याच्या फांद्या होतात: एक कपाळाकडे, एक डोळ्याकडे, एक ओठाकडे, एक हनुवटीकडे, एक मानेकडे. आत अनेक धागे असतात आणि प्रत्येक धाग्यावर स्निग्ध द्रव्याचे वेष्टन असते. मोटारपंपाच्या वायरीवर जसे रबर, तसे. रबर झिजले की एका तारेतला प्रवाह दुसरीत उतरतो, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

हे वेष्टन सर्वत्र सारखे बळकट नसते. आपण जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतो. खुंट वेगळा, वरचे झाड वेगळे, आणि दोघांचा जेथे सांधा, ती जागा सांभाळावी लागते. मज्जातंतूचेही तसेच आहे. मेंदूच्या आत त्याचे वेष्टन एका जातीच्या पेशी करतात, बाहेर दुसऱ्या जातीच्या. तंतू मेंदूच्या देठातून बाहेर पडतो तेथे, काही मिलिमीटरांच्या टापूत, हा सांधा असतो. नेमकी तेथेच एखादी धमनी वळसा घेऊन टेकली, तर काय होईल? नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी ती तंतूवर आपटत राहते. मिनिटाला सत्तर ठोके धरले, तर दिवसाला एक लाखावर धक्के झाले. वयपरत्वे धमन्या लांबतात, वाकड्या होतात. म्हणून ही व्याधी बहुधा चाळिशीनंतर दिसते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. मग डोळ्याकडे जाणारी आज्ञा वाटेतच फुटून ओठाकडे जाते आणि चेहरा एकदम आकसतो. आज्ञा धक्क्याच्या जागी फुटते, की सततच्या धक्क्यांनी मेंदूतले मूळ केंद्रच चिडखोर होते, याविषयी शास्त्रज्ञांत दोन पक्ष आहेत. परंतु धमनी दूर केली की बहुतेकांचा आचका थांबतो, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे.

हे कसे कळले, तेही ऐकण्यासारखे आहे. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तिचेच अनुकरण करीत आपल्या गावोगावच्या माला चालल्या आहेत. त्याच १८७५ साली जर्मनीत शुल्त्से नावाच्या वैद्याने एक शवविच्छेदन प्रसिद्ध केले. छप्पन्न वर्षांच्या एका पुरुषाच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूस आचके येत असत. मरणोत्तर पाहता डाव्या बाजूच्या धमनीला चेरीच्या फळाएवढा फुगा आलेला, आणि तो सातव्या तंतूवर दाबून बसलेला. कारण सापडले, पण जिवंत माणसाच्या मेंदूच्या देठाशी हात घालण्याचे धाडस कोण करणार? पुढे जवळजवळ नव्वद वर्षे गेली. १९६२ साली अमेरिकेत गार्डनर यांनी असा दाब काढल्याने आचके थांबू शकतात असे मांडले. त्यानंतर पीटर जॅनेटा या तरुण शस्त्रवैद्याने सूक्ष्मदर्शकाखाली हे काम करण्याची पद्धत १९६६ पासून बसविली. धमनी कापावयाची नाही, तंतूही कापावयाचा नाही. दोघांना अलग करून मध्ये एक लहानशी गादी ठेवावयाची, एवढेच. आज या गादीसाठी टेफ्लॉनचा पिंजलेला धागा वापरतात.

येथे एक सांगितले पाहिजे. शस्त्रक्रिया हाच एक उपाय नव्हे. सौम्य आचक्यांना काही वेळा गोळ्यांनी उतार पडतो. दुसरा उपाय म्हणजे बोट्युलिनम या विषाचे अत्यल्प प्रमाणातले टोचणे. अमेरिकेत १९८९ साली त्यास मान्यता मिळाली, आणि आज जगभर ते दिले जाते. त्याने स्नायू सैल पडतो व पुष्कळांना चांगला आराम मिळतो. पण तो साधारण तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा टोचून घ्यावे लागते आणि पुन्हा पैसे मोजावे लागतात. मूळ कारणाला हात घालते ती शस्त्रक्रियाच. तिने शंभरात सुमारे ८५ ते ९० जणांचे आचके जातात.

मग अडचण कोठे आहे? अडचण शेजाऱ्याची आहे. सातव्या तंतूला लागूनच आठवा तंतू धावतो. हा ऐकण्याचा आणि तोल सांभाळण्याचा. दोघे एकाच हाडाच्या बोगद्यातून जातात. शस्त्रवैद्य कानामागे जुन्या बंद्या रुपयाएवढी खिडकी पाडतो, लहान मेंदू हलकेच बाजूस सारतो आणि आत जातो. लहान मेंदू सारताना आठवा तंतू ताणला जातो. हा तंतू फार हळवा. थोडा अधिक ताण पडला, किंवा आतल्या कानाला रक्त पुरविणारी केसासारखी धमनी आकसली, तर त्या बाजूचा कान कायमचा बहिरा होऊ शकतो. वर पाहणाऱ्या शस्त्रवैद्याला तंतू अखंड दिसतो, पांढराशुभ्र दिसतो. आतून तो थकत चालला आहे हे डोळ्यांना कळत नाही. आणि ज्याचा तो कान आहे तो माणूस भुलेत निजलेला. "डॉक्टरसाहेब, जरा थांबा, मला ऐकू येईनासे झाले" असे सांगणार कोण?

हे सांगण्याची जी व्यवस्था, तिलाच शस्त्रक्रियेतील मज्जातंतूंची निगराणी म्हणतात. आमच्या आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच. या कामी पिट्सबर्ग येथे जॅनेटा यांच्याबरोबर आगे मोलर या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने मोठी कामगिरी केली. शस्त्रक्रियेच्या खोलीत शस्त्र न धरणारा शास्त्रज्ञ आणून बसविला, आणि त्याचे ऐकून शस्त्र थांबू लागले, हा त्यातला विशेष.

प्रथम कानाचे पाहू. निजलेल्या माणसाच्या कानात लहानसे श्रवणयंत्र बसवितात. त्यातून टिक टिक असा आवाज सारखा होत असतो. माणूस निजला तरी कान आणि मेंदूचा देठ त्या टिकटिकीला उत्तर देतात. डोक्यावर व कानाजवळ लावलेल्या तारांतून हे उत्तर टिपतात. ते एका व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाहूनही लहान असते. बाजारातल्या गलबल्यात एखाद्याचे पुटपुटणे ऐकावे, तशातला प्रकार. म्हणून शेकडो, कधी हजारावर टिकटिकांची सरासरी काढतात. तेव्हा गलबला मावळतो आणि पडद्यावर पाच लाटा स्वच्छ उमटतात. आवाज झाल्यापासून सेकंदाच्या शंभराव्या भागात हे सारे घडते. पहिली लाट कानाजवळच्या तंतूची, पाचवी मेंदूच्या देठात वरची. निगराणी करणाऱ्याचे लक्ष या पाचवीकडे असते. ती नेहमीपेक्षा सेकंदाच्या हजाराव्या भागाने उशिरा येऊ लागली, किंवा तिची उंची निम्म्यावर आली, की तो सांगतो, "थांबा." शस्त्रवैद्य हात काढून घेतो, मेंदूवरचा ताण सैल करतो, काही मिनिटे वाट पाहतो. बहुधा लाट परत जागेवर येते, मग काम पुढे चालते. भुलेत निजलेल्या त्या बाईने जे सांगितले असते, ते तिच्या वतीने कोणी तरी सांगितले.

दुसरी निगराणी चेहऱ्याची. डोळ्याभोवतीच्या आणि हनुवटीच्या स्नायूंत बारीक सुया ठेवतात. मग गालावर, डोळ्याकडे जाणाऱ्या फांदीला विजेचा सौम्य धक्का देतात. निरोगी माणसात डोळ्याचा स्नायू उत्तर देईल. हनुवटीचा गप्प राहील, कारण त्याला कोणी बोलाविलेच नाही. आपल्या या बाईत मात्र सुमारे शंभरांश सेकंदाने हनुवटीही उत्तर देते! एका घरचे बोलावणे दुसऱ्या घरी गेले. ही चुकीची साद म्हणजे रोगाची सही. मोलर आणि जॅनेटा यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत दिसून आले की, शस्त्रवैद्य धमनी तंतूवरून उचलतो त्याच क्षणी ही साद बंद पडते. धमनी परत टेकली की ती पुन्हा येते. याचा उपयोग उघड आहे. एक धमनी दूर केली आणि साद चालूच राहिली, तर मागे दुसरी धमनी दडलेली असू शकते. अजून शोधले पाहिजे. साद थांबली, तर जास्त खणण्याचे कारण नाही.

याशिवाय चेहऱ्याच्या स्नायूंची वीज एका स्वनकाला जोडलेली असते. शस्त्राचा स्पर्श सातव्या तंतूला झाला की खोलीत तडतड असा आवाज उठतो. शस्त्रवैद्याची नजर सूक्ष्मदर्शकात असली तरी कान मोकळे असतात. यासाठी भूल देणाऱ्यालाही साथ द्यावी लागते. एरवी शस्त्रक्रियेत स्नायू सैल पाडणारे औषध सर्रास देतात; येथे ते चालू ठेवले तर स्नायू मुके होतील आणि निगराणीच फुकट जाईल. म्हणून श्वासनलिकेत नळी घालण्यापुरते ते देऊन पुढे भूल इतर औषधांवर राखतात. एकाचे हात, दुसऱ्याची भूल, तिसऱ्याची नजर, असे हे तिघांचे काम आहे.

परंतु यंत्राची आरती ओवाळण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. या साक्षीलाही मर्यादा आहेत. काहींची चुकीची साद धमनीला हात लागण्यापूर्वीच, मेंदूभोवतीचे पाणी वाहून गेल्याबरोबर, नाहीशी होते. काहींची ती शेवटपर्यंत राहते आणि तरीही काही आठवड्यांनी वा महिन्यांनी आचके जातात. निगराणी असूनही क्वचित कान जातो, क्वचित चेहऱ्यास लुळेपणा येतो. तो बहुधा हळूहळू भरून निघतो. आणि मेंदूजवळची कोणतीही शस्त्रक्रिया म्हटली की जिवाचा धोका अगदी थोडा का होईना, पण असतोच. निगराणीने धोका कमी होतो, शून्य होत नाही. कोणी "शून्य धोका" म्हणून सांगू लागला, तर त्याच्याकडून उठून यावे हे उत्तम.

तेव्हा मूळ प्रश्न शिल्लकच आहे. डोळ्याच्या लवण्यासाठी डोके उघडावे काय? आमच्या मते याचे उत्तर वैद्याने देऊ नये, नवऱ्याने किंवा मुलानेही देऊ नये. ज्याचा चेहरा त्याने द्यावे. एखादा गृहस्थ म्हणेल, माझे काही अडत नाही. त्याचे बरोबर आहे. दुसरी बाई म्हणेल, मला पुन्हा वर्गात मुलांकडे ताठ मानेने पाहावयाचे आहे. तिचेही बरोबर आहे. घरच्यांनी "एवढ्याने काय होते" असे म्हणून तिचा प्रश्न मोडीत काढू नये, एवढीच विनंती.

भारतात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग वेल्लोर येथे डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ साली सुरू केला. पुढे मुंबईत डॉ. राम गिंडे, डॉ. होमी दस्तूर यांच्यासारख्यांनी हे शास्त्र रुजविले. पुण्याचे डॉ. जयदेव पंचवाघ हे चेहऱ्याच्या अशा व्याधींवरील शस्त्रक्रियांसाठी ओळखले जातात. म्हणजे आज वऱ्हाडातल्या माणसाला यासाठी परदेशी जावयास नको. परंतु जाईल तेथे त्याने संकोच न करता काही गोष्टी विचाराव्या. निदान नक्की झाले आहे काय, आणि धमनीऐवजी गाठ तर नाही ना, हे एमआरआय काढून पाहिले काय? टोचण्याचा उपाय माझ्यासाठी पुरेसा का नाही? शस्त्रक्रियेपूर्वी माझ्या कानांची तपासणी होणार काय? आणि मी निजलेला असताना माझ्या तंतूंवर लक्ष कोण ठेवणार? या शेवटच्या प्रश्नाने चांगला शस्त्रवैद्य रागावत नाही. त्याला उलट बरे वाटते, कारण रोगी समजून उमजून मेजावर येत आहे.

संत्र्याच्या बागेत राखणदार असतो. तो झाड लावीत नाही, फळ तोडीत नाही. पण रात्री मालक निजतो तो त्याच्या भरवशावर. त्याला कोणी हार घालीत नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीत पडद्यासमोर बसून पाचव्या लाटेवर तासन्‌तास नजर ठेवणारा माणूस हा असाच राखणदार आहे. ती बाई बरी होऊन घरी परतेल, तेव्हा तिला त्याचे नाव माहीत असेलच असे नाही. गावी आल्यावर भाजीवालीने पैसे मोजताना तिच्या तोंडाकडे पाहिले आणि काहीच विचारले नाही, तर त्या राखणदाराचे काम झाले.